आण्णांची जीप आणि 'ओरिजिनल' नावाची भानगड

गेले पाच रविवार आमच्या गल्लीतली सहा-सात माणसं एका गंजलेल्या जीपखाली आडवी पडलेली आहेत. जीप शेजारच्या आण्णांची. त्यांच्या वडिलांनी घेतलेली. सोळा वर्षं परड्यात, फाटक्या ताडपत्रीखाली उभी होती. कोंबड्यांनी मागच्या सीटवर अंडी घातली, घुशींनी वायरिंग खाल्लं, आणि आता जुनं घर पाडून अपार्टमेंट व्हायचं ठरलं तेव्हा प्रश्न आला, हिचं काय करायचं? भंगारवाला किलोच्या भावानं न्यायला तयार होता. पुण्याहून मुलगा फोनवर म्हणाला, "आण्णा, देऊन टाका." आण्णा काही बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र आमच्या कट्ट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "एकदा चालू करून बघूया का रे?"

झालं. गल्लीला काम मिळालं.

सिनेमात हिरो बिनटपाची गाडी उडवत नेतो, तिला कन्व्हर्टिबल म्हणतात. आमच्या कोल्हापूर भागात तसली गाडी म्हणजे जीप. कॅनव्हासचा हूड काढला, समोरची काच बॉनेटवर आडवी केली, की झाली उघडी. आण्णांची गाडी १९६७ सालची, महिंद्राची सीजे-३बी. लोक सरसकट 'विलीज' म्हणतात. उंच बॉनेट, सपाट मडगार्ड, ड्रायव्हरच्या सीटखालीच पेट्रोलची टाकी. म्हणजे आपण अक्षरशः टाकीवर बसून गाडी चालवायची. आज असलं डिझाइन कुणी कागदावर काढलं तरी नोकरी जाईल.

कामाचे खरे सूत्रधार एसटीतनं रिटायर झालेले मेकॅनिक मामा. त्यांनी पहिल्या दिवशी पेचकस घेऊन गाडीभर टोचत फेरी मारली. फ्लोअरमध्ये पेचकस आरपार गेला. मागच्या चाकांवरचा पत्रा हातानं तुटला. मग खाली झोपून चासीवर हातोडी मारली. टण् टण् आवाज आला. बाहेर येऊन म्हणाले, "पत्रा म्हातारा झालाय, चासी न्हाई. करूया."

गंजाचंही एक शास्त्र असतं हे मला या पाच रविवारांत कळलं. गाडी वरून गंजत नाही, आतून गंजते. फ्लोअरच्या खाली आडव्या पट्ट्या असतात, त्यांत चाकांनी उडवलेला चिखल साठतो. तो पावसाळाभर ओला राहतो आणि वरून रंग चकचकीत दिसत असताना आतला पत्रा खाऊन टाकतो. मामांनी सगळा फ्लोअर छिन्नीनं कापून काढला. सोळा गेजचा नवा पत्रा आणला. फौंड्रीत काम करणाऱ्या पोरानं सुट्टीच्या दिवशी वेल्डिंग केलं. स्प्रिंगचे पाटे जाम झाले होते, त्यांना तीन दिवस रॉकेल पाजलं. ब्रेकचं मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, फ्लोअरच्याही खाली असतं. तिथपर्यंत पोचायला दोन तास आणि बऱ्याच शिव्या लागल्या. वहिनींनी पोहे केले, नंतर मिसळ केली, चौथ्या रविवारी म्हणाल्या, "आता तुम्हीच करा आणि मलाही द्या."

इथवर सगळं मजेत चाललं होतं. मग कागदांचा विषय निघाला. रजिस्ट्रेशनची मुदत कधीच संपलेली. कुणीतरी म्हणालं, पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना आता 'व्हिंटेज' म्हणून वेगळा नंबर मिळतो, तो घ्या. ओळखीच्या एजंटाला बोलावलं. त्यानं बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि हसला. "आण्णा, हे तर ट्रॅक्टरचं इंजिन हाय. व्हिंटेजला गाडी ओरिजिनल लागते. हिच्यात ओरिजिनल काय ऱ्हायलंय?"

चुकीचं काही बोलला नाही तो. नियम तसाच आहे. पण त्याचं ते वाक्य माझ्या डोक्यातनं जाईना, म्हणून ही पोस्ट. जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

जीप नावाच्या गाडीत मुळात ओरिजिनल काय होतं, तिथूनच सुरू करू.

१९४० साली अमेरिकन लष्कराला हलकी, चारही चाकांना जोर असणारी गाडी हवी होती, तीही ताबडतोब. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम नावाच्या छोट्या कंपनीनं पहिला नमुना ४९ दिवसांत बनवून दिला. लष्करानं गाडी पसंत केली, पण एवढीशी कंपनी लाखांनी गाड्या कुठून देणार? मग ते नकाशे विलीज आणि फोर्डला दाखवले गेले. विलीजकडे इंजिन दमदार होतं, त्यामुळे मोठी ऑर्डर त्यांना मिळाली. फोर्डनं समोरची जाळी पत्र्यात ठोकून काढायची स्वस्त पद्धत आणली, आणि जी जाळी बघून आज जगभर लोक 'ही जीप' म्हणून ओळखतात ती फोर्डची. म्हणजे कल्पना एकाची, इंजिन दुसऱ्याचं, तोंड तिसऱ्याचं. युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्डनं मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. आणि ज्या बँटमनं हे सगळं सुरू केलं, तिच्या वाट्याला तीन हजारसुद्धा आल्या नाहीत. असो.

युद्ध संपलं आणि या गाड्या जिथं होत्या तिथं पडून राहिल्या. अमेरिकेला परत नेण्यापेक्षा तिथंच विकून टाकणं परवडत होतं. फिलिपिन्समध्ये लोकांनी त्या लांब केल्या, बाकडी टाकली, रंगवल्या आणि त्यांची 'जीपनी' झाली. अख्ख्या देशाची सार्वजनिक वाहतूक तिच्यावर चालली. आपल्याकडे आसाम-बंगालच्या आघाडीमागं लष्करी सामानाचे डोंगर होते. बंगालमधल्या पानागढला युद्धात अमेरिकन हवाई तळ होता. पुढं तेच गाव लष्करी भंगाराच्या बाजारासाठी देशभर प्रसिद्ध झालं.

आणि स्वतंत्र भारताचा पहिला मोठा घोटाळा कशाचा, तर जुन्या जीपचाच! १९४८. काश्मीरमध्ये लढाई चालू, लष्कराला गाड्या हव्यात. लंडनमधले आपले हायकमिशनर व्ही. के. कृष्ण मेनन यांनी नेहमीची पद्धत बाजूला ठेवून एका परदेशी कंपनीशी सुमारे ८० लाख रुपयांचा करार केला. गाड्या नव्या नाहीत, 'रिकंडिशन' केलेल्या. पैसे बरेचसे आधीच दिले गेले. हातात पडल्या १५५ जीप. त्याही १९४९ मध्ये, युद्धविराम होऊन गेल्यावर. लष्करानं त्या बघितल्या आणि नापास केल्या. संसदेत गदारोळ झाला, अय्यंगार समितीनं लक्ष घातलं, चौकशीची मागणी वर्षानुवर्षं होत राहिली. ३० सप्टेंबर १९५५ ला गृहमंत्री गोविंद वल्लभ पंतांनी प्रकरण बंद झाल्याचं सांगून टाकलं. काही महिन्यांत, फेब्रुवारी १९५६ मध्ये, मेनन केंद्रीय मंत्रिमंडळात होते. हे प्रकरण आपण नेहमी भ्रष्टाचाराची गोष्ट म्हणून सांगतो आणि ती तशी आहेच. पण मला त्यात दुसरंही एक दिसतं. जुनी गाडी दुरुस्त झाली की नाही हे कागदावरच्या शिक्क्यानं ठरत नाही. ते मामांच्या हातोडीच्या आवाजानं ठरतं. तिकडं लंडनमध्ये टण् टण् कुणी ऐकलंच नव्हतं.

आता आण्णांच्या गाडीच्या घराण्याकडं येऊ. १९४५ साली के. सी. आणि जे. सी. महिंद्र या भावांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर पोलादाच्या व्यापाराची कंपनी काढली. नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद'. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढं गव्हर्नर जनरलही. इकडं १९४८ मध्ये कंपनीच्या नावातला मोहम्मद जाऊन दुसरा महिंद्रा आला. १९४९ मध्ये मुंबईत माझगावला विलीजच्या जीप सुट्या भागांत येऊ लागल्या आणि इथं जोडल्या जाऊ लागल्या. पहिल्या खेपेत ७५. पुढं १९५४ पासून विलीजशी करार करून हळूहळू भाग इथंच बनायला लागले.

हे 'भाग इथंच' प्रकरण महत्त्वाचं आहे. सरकारनं १९५३ च्या सुमारास ठरवलं की ज्यांना इथं कारखाना काढून भाग बनवायचे नाहीत, नुसत्या आणून जोडायच्या आहेत, त्यांना इथं जागा नाही. जनरल मोटर्स आणि फोर्डनं गाशा गुंडाळला. उरलेल्या मोजक्या कंपन्यांनी किती गाड्या बनवायच्या, तेही परवान्यावर. गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचं. यावर लायसन्स-परमिट राज म्हणून आपण भरपूर बोललोय, मी नव्यानं काय बोलू. पण त्याची दुसरी बाजू अशी की नवीन मिळत नाही तर जुनी मरू द्यायची नाही, हा या देशाचा सवयीचा धंदा बनला. गाडी घेणं हा श्रीमंताचा विषय, पण गाडी जगवणं हा मिस्त्र्याचा. आणि मिस्त्री गल्लोगल्ली तयार झाले.

जीप तर सामान्य माणसाच्या वाट्याला थेट येतच नव्हती. ती सरकारची गाडी. १९५२ मध्ये सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा प्रत्येक गटाच्या अंदाजपत्रकात एक जीप धरलेली असायची. महाराष्ट्रात १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या, आणि बीडीओची जीप हे खेड्यातल्या माणसासाठी सरकारचं चाकांवरचं रूप झालं. आरोग्य केंद्रांना युनिसेफकडून आलेल्या जीप वेगळ्या. धुरळा दिसला की पोरं ओरडायची, जीप आली! मागोमाग कोण उतरतंय त्यावर गावाचा चेहरा ठरायचा. कुटुंब नियोजनवाले असतील तर अर्धं गाव रानात.

आण्णांची जीपही अशीच. आरसी बुकात पहिली मालकी एका सरकारी खात्याची. मग लिलावात एका साखर कारखान्यानं घेतली, ऊस विभागासाठी. तिथं दहा-बारा वर्षं शेतातनं फिरली. १९८१ मध्ये कारखान्यानं पुन्हा लिलाव काढला आणि आण्णांच्या वडिलांनी ती उचलली. आमच्याकडच्या बहुतेक जुन्या जीपचा प्रवास थोड्याफार फरकानं हाच. सरकार, मग संस्था, मग शेतकरी. काही शेवटी वडापला लागल्या. नवी गाडी ज्यानं कधीच घेतली नसती, त्याच्या दारात गाडी आली ती या लिलावाच्या शिडीनं.

दारात आली खरी, पण पोसायची कशी? १९७३ मध्ये अरब देशांनी तेल आखडलं आणि जगात कच्च्या तेलाचा भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाला. सीजे-३बीचं मूळ 'हरिकेन' इंजिन २.२ लिटरचं, चार सिलिंडरचं. आत जाणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि बाहेर टाकणारा खाली ब्लॉकमध्ये, अशी त्याची रचना. त्यामुळं इंजिन उंच झालं, आणि ते मावावं म्हणून बॉनेट उंच करावं लागलं. दणकट इंजिन, पण पेट्रोल पिण्यात कुणाला हार जाणार नाही. शेतकऱ्याला हे झेपणं शक्य नव्हतं. मग एकच मार्ग. पेट्रोल इंजिन काढा, डिझेल बसवा. कंपन्यांनीही पुढं डिझेल जीप आणल्या, पण ज्यांच्याकडे जुनी होती त्यांनी मिस्त्री गाठला.

कोल्हापुरात हे व्हायलाच हवं होतं. उद्यमनगर म्हणजे फौंड्री, लेथ आणि ऑइल इंजिनांचं गाव. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावं तिथं आजही आदरानं घेतात. विहिरीवरचं इंजिन, उसाचा चरक, ट्रॅक्टरचा भाग, जे मोडेल ते तिथं बनतं. आण्णांच्या वडिलांनी अपघातातल्या एका इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टरचं इंजिन मिळवलं. ते जीपच्या गिअर बॉक्सला थेट जुळत नाही. मधे एक जाड पोलादी प्लेट लागते. एका बाजूला इंजिनची भोकं, दुसऱ्या बाजूला गिअर बॉक्सची, आणि दोन्हीचा मध्य केसाइतकाही चुकून चालत नाही, नाहीतर क्लचचं आणि बेअरिंगचं वाटोळं. ती प्लेट उद्यमनगरात लेथवर कातली. ड्रॉइंग नाही, काही नाही, पुठ्ठ्यावर ठसा घेऊन. गेल्या महिन्यात आम्ही इंजिन खाली घेतलं तेव्हा मामांनी त्या प्लेटवर कॅलिपर लावला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. चाळीस वर्षांनंतरही मध्य जागचा हललेला नाही.

आरसी बुकात त्या बदलाची नोंद आहे. १९८४. निळ्या शाईत नवा इंजिन नंबर, 'डिझेल' असा शब्द, सही, शिक्का. म्हणजे चोरून केलेलं काही नाही.

आणि आता २०२१ चा नियम बघा. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांची वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, नंबरात 'व्हीए' अक्षरं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाला ५,०००. गाडी रोज वापरायची नाही, प्रदर्शन, रॅली, इंधन-दुरुस्ती एवढ्यासाठीच काढायची. हे सगळं ठीक आहे. मुख्य अट पुढं आहे. गाडी मूळ स्वरूपात हवी. चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालणार नाही.

आता विचार करा, पन्नास वर्षं मूळ स्वरूपात कुणाची गाडी राहते? जिला गॅरेज होतं, ड्रायव्हर होता, परदेशातनं पार्ट मागवायची ऐपत होती, आणि जी रोजच्या पोटापाण्याला लागत नव्हती तिची. संस्थानिकांच्या गाड्या, उद्योगपतींचे संग्रह. त्या जपल्याच पाहिजेत, माझा आक्षेप नाही, मीही रॅली बघायला जातो. पण या देशात गाडी खरी कशी जगली त्याचा इतिहास त्या चकचकीत गाड्यांत नाहीये. तो त्या पोलादी प्लेटमध्ये आहे. जी गाडी पाच मालकांनी, दहा मिस्त्र्यांनी, चार वेळा पत्रा बदलून चालवली, तिला आपला कायदा वारसा म्हणत नाही. तिला म्हणतो जुनं वाहन.

आणि जुन्या वाहनाचं काय होतं? ऑगस्ट २०२१ मध्ये स्क्रॅपिंग धोरण आलं. खाजगी मोटारीच्या १५ वर्षांनंतरच्या नूतनीकरणाची फी पूर्वी ६०० रुपये होती, ती एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली. २० वर्षांवरच्या मोटारींना २०२५ मध्ये १०,००० केली. राज्याचा हरित कर वेगळा. १ एप्रिल २०२३ पासून तर १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणीच रद्द, सरळ भंगारात. म्हणजे सरकार ते शेतकरी ही जी लिलावाची शिडी मी वर सांगितली, तिची पहिली पायरीच काढून टाकली.

मला विरुद्ध बाजू ठाऊक आहे. आण्णांच्या इंजिननं पाचव्या रविवारी पहिला श्वास घेतला तेव्हा असा काळा धूर निघाला की समोरच्या काकूंनी वाळत टाकलेल्या साड्या उचलल्या आणि आमच्याकडं जे बघितलं ते बघितलं. शहरात रोज धावणाऱ्या लाखो जुन्या डिझेल गाड्या हा खरा प्रश्न आहे, त्यानं लहान पोरांची फुप्फुसं बिघडतात. घरच्या घरी केलेल्या बदलांनी अपघातही होतात. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करता येणार नाहीत असं बजावलं, त्यामागं हीच काळजी होती. रस्त्यावर ट्रॅक आणि जनरेटर झालेल्या जीप मीही बघतो, आणि त्या पोरांचं कौतुक मला नाही.

पण वर्षातनं चार-पाच दिवस निघणाऱ्या गाडीचा धूर आणि रोजच्या वडापचा धूर एकाच मापानं मोजायची गरज नाही. व्हिंटेजच्या नियमात वापरावर बंधन आधीच आहे. मग त्यात एवढी ओळ का नसावी की ज्या बदलाची नोंद त्या त्या काळच्या कायद्यानं आरसी बुकात झालेली आहे, आणि तो बदल होऊनही समजा तीस-चाळीस वर्षं उलटली आहेत, तो त्या गाडीच्या इतिहासाचा भाग मानला जाईल? सेफ्टीची तपासणी करा, ब्रेक बघा, कडक बघा. मामांची हरकत नाही, उलट ते म्हणतात, "बघाच. आमचं ब्रेक एसटीपेक्षा चांगलं लागत्यात."

सध्या आण्णांपुढं दोन वाटा आहेत. साधं नूतनीकरण, म्हणजे फी, कर, तपासणी आणि दर पाच वर्षांनी परत तेच. नाहीतर कुठून तरी मूळ हरिकेन पेट्रोल इंजिन मिळवायचं, वडिलांनी बसवलेलं इंजिन काढायचं आणि गाडी 'ओरिजिनल' करून बघायची. एजंटानं अशी इंजिनं मिळवून देणाऱ्या माणसाचा नंबरही दिलाय. म्हणजे जिनं ही गाडी चाळीस वर्षं जगवली ती प्लेट काढून फेकायची, मग ती वारसा होणार.

आण्णांना विचारलं काय करायचं. ते रेडऑक्साइड मारलेल्या फ्लोअरवर हात फिरवत होते. म्हणाले, "आधी हूड शिवून घेऊ. पाऊस यायला लागलाय."

हूडवाल्यानं माप घेतलंय. पुढच्या रविवारी शिवून देतो म्हणालाय. कोल्हापुरातल्या कुणाकडे सीजे-३बीच्या हूडच्या जुन्या पितळी बकला पडून असतील तर सांगा, चार कमी पडतायत.